गोकाकचा डोंगर

आईवडलांच्या लग्नाच्या अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला हर्षनं कोरमंगलातल्या एका नव्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं, तेव्हा गुंडोरावांनी आधी नाहीच म्हटलं होतं. कोरमंगला म्हणजे त्यांच्या लेखी परमुलूख. जयनगरहून रिक्षानं जेमतेम अर्धा तास, पण तिथं सगळी पंचविशीतली माणसं, आणि ती काय खातात ते कार्ड वाचूनही कळत नाही. पद्मावतीअक्का मात्र दुपारीच म्हैसूर सिल्क नेसून बसल्या होत्या. आपलं मराठी घराणं साडेतीनशे वर्षं बंगळुरात आहे आणि तेवढ्या काळात कुठल्या नवऱ्यानं बायकोला बाहेर जेवायला नेल्याचं ऐकिवात नाही, असं म्हणून त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

हॉटेलचं नाव होतं 'मीटर गेज'. आत पाऊल टाकलं आणि गुंडोराव दारातच असे थबकले की मागून येणारा हर्ष त्यांच्या पाठीवर आदळला.

समोरची अख्खी भिंत एका नकाशानं भरली होती. पुण्याहून बंगळूरला येणारी जुनी रेल्वेलाईन, लाल शाईत, वेलीसारखी वळणं घेत छतापासून जमिनीपर्यंत उतरत आली होती. स्टेशनांची नावं हातानं काढलेली, आणि मोठ्या स्टेशनाशेजारी एकेक चित्र. मिरजेला तंबोरा, बेळगावला किल्ला, लोंढ्याला सागाच्या झाडाआडून डोकावणारा वाघ, धारवाडला पेढ्यांची टोपली, हुबळीला धूर सोडणारं इंजिन, दावणगेरेला कापसाचे गठ्ठे, तिपटूरला नारळ आणि तळाशी बंगळूरला लालबागचं काचघर. वरच्या कोपऱ्यात दिशा दाखवायला मोर, आणि सगळ्याला चौकट रुळांची.

हर्षनं काय झालं म्हणून विचारलं, तर गुंडोराव म्हणाले काही नाही, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तो नकाशा त्यांनीच काढला होता. १९६८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, चामराजपेठेतल्या एका छापखान्यात. कुठल्याशा प्रवासी कचेरीला वाटायला पत्रकं हवी होती, आणि छापखान्यातल्या थोरल्या चित्रकाराला कावीळ झाली म्हणून काम नव्या मुलाकडे आलं होतं. पत्रकावर चित्रकाराचं नाव छापायची पद्धत नव्हती. दोन-तीन वर्षं ती वाटली गेली, मग लाईनचे रूळच बदलायला लागले आणि पत्रकं बंद झाली. त्यानंतर चाळीस वर्षं गुंडोरावांनी अगरबत्तीच्या डब्यांवरची चित्रं काढली. नकाशाची एकही प्रत त्यांच्याकडे उरली नव्हती. बायकोला त्यांनी हे कधी सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांना वाटायचं.

आत्ता मात्र सांगावंसं वाटलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात भिंतीजवळून मराठी ऐकू आलं. एक पोरगेलीशी बाई हातातला फोन नकाशासमोर धरून आईला एकेक स्टेशन दाखवत होती. आईचा आवाज चांगला खणखणीत होता. बेळगावचा किल्ला बघून आईनं शाबासकी दिली. फोन जरा वर सरकला आणि ती हसायलाच लागली.

"हे गोकाक होय? काढणाऱ्यानं गोकाक बघितलंच नव्हतं गं. तिथं डोंगर कुठला? सपाट रानातनं नदी येती आणि खड्ड्यात पडती."

पोरगीही हसली. गुंडोरावांनी मान वर केली. गोकाकच्या नावाशेजारी त्यांचा डोंगर उभा होता. साखरेच्या पुडीसारखा टोकदार, निळा, शेंड्यावर चक्क बर्फ, आणि त्या बर्फातून दोऱ्यासारखी पांढरी धार खाली आलेली. पत्रकावर तो अंगठ्याएवढा होता. इथं तो उंचीला त्यांच्या कमरेपर्यंत आला असता. त्यांचे कान तापले. त्यांनी दहीभात मागवला आणि अर्धा टाकला.

गुंडोराव अस्वस्थ झाले की पेन्सिलींना टोकं काढत बसतात, हे पद्मावतीअक्कांना अठ्ठेचाळीस वर्षांत पाठ झालं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावरच्या पेन्सिली मोजल्या. अकरा निघाल्या. त्यांनी कॉफीचा लोटा पुढ्यात ठेवला आणि समोर बसून राहिल्या. मग सगळं बाहेर आलं.

भिंतीवरचा नकाशा नवऱ्याचा आहे याचं अक्कांना जेवढं नवल वाटलं, त्याहून जास्त राग आला तो हे इतकी वर्षं पोटात ठेवल्याचा. राग जरा ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग डोंगर का काढलात?"

गुंडोरावांनी खरं ते सांगितलं. छापखान्याच्या मॅनेजरनं त्यांना पोस्टकार्डांचा एक गठ्ठा दिला होता, त्यावरून चित्रं काढायची. त्यात गोकाकचं कार्ड नव्हतं. विचारायला गेले तर मॅनेजर म्हणाला, धबधबा आहे, धबधबा काढ. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर हिमालय होता. पाणी वरून पडतं म्हणजे वर डोंगर असणारच, असं वीस वर्षांच्या डोक्याला वाटलं. नकाशातल्या गावांपैकी त्यांनी स्वतः पाहिलेली तीनच. बंगळूर, तुमकूर आणि मामाचं तिपटूर. बाकी सगळी ऐकीव.

"आणि नंतर? नंतर तरी जाऊन बघायचंत."

नंतर काय, नंतर राहून गेलं. आधी रजा मिळेना, मग वडील अंथरुणाला खिळले, मग हर्षची शाळा. आणि खरं म्हणजे जाववेना. आपण मनानं रंगवलेलं गाव तिथं तसं नसलं तर, ही धाकधूक. हे शेवटचं त्यांनी इतक्या हळू सांगितलं की अक्कांना पुन्हा विचारावं लागलं. म्हणजे त्या दरवर्षी बेळगावच्या मावशीकडे जाऊ या म्हणायच्या आणि हे दरवर्षी काहीतरी निमित्त काढायचे, त्याचं मूळ इथं होतं.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "आधी त्या हॉटेलात जाऊन सांगा, नकाशा कुणाचा आहे ते. मग बघू."

बुधवारी दुपारी चार वाजता, हॉटेल रिकामं असेल अशा बेतानं, दोघं पुन्हा कोरमंगलात गेली. मालकाचं नाव प्रणीत. तिशीतला, दाढी कोरलेला, बोलायला मऊ. गुंडोरावांचं कन्नड त्याला अर्धंच कळत होतं आणि त्याचं हिंदी गुंडोरावांना पाऊणच. आपणच हा नकाशा काढला हे ऐकून त्यानं दोघांना बसवलं, लिंबू सरबत दिलं, पण त्याच्या चेहऱ्यावर विश्वास काही उमटला नाही. त्यानं नकाशा भिंतीवर आणणाऱ्या चित्रकर्तीला फोन केला. तिचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. दहा मिनिटांत स्कूटरवरून ती आली, तर तीच, परवा फोन धरून उभी असलेली.

तिचं नाव संहिता, गाव निपाणी. हे पत्रक तिला अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं होतं, कुणीतरी पुठ्ठ्यावर सपाट चिकटवलेलं. तिनं चार महिने घालवून ते साफ केलं, एकेक अक्षर मोठं केलं आणि भिंतीवर चढवलं. तिच्याकडच्या मुलींच्या सवयीनं ती स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. अक्कांना ते फार गोड वाटलं.

संहिता खुर्ची ओढून बसली. तिला आजोबांना खोटं ठरवायचं नव्हतं, पण विचारल्याशिवायही राहवेना. ती म्हणाली, "आजोबा, एक सांगा. हावेरी आणि राणेबेन्नूर जवळजवळ आहेत, पण नकाशात मध्ये एवढी मोकळी जागा सोडलीय. खाली अर्सीकेऱ्याजवळ पण तसंच, वर मिरजेखाली पण तसंच. चार महिने मी विचार करतोय, का ते कळलं नाही. बाकी सगळीकडे इंच न इंच वापरलाय, मग इथंच का?"

"घडी," गुंडोराव म्हणाले.

तिला कळलं नाही. तेव्हा त्यांनी टेबलावरचा कागदी रुमाल घेतला, तीन घड्या घालून त्याचं खिशात मावेल एवढं पाकीट केलं आणि पुन्हा उलगडून तिच्यापुढे ठेवला. पत्रक खिशातून न्यायचं, दिवसातून दहा वेळा उघडायचं. घडीवर शाई तडकते. घडीवर एखादं स्टेशन आलं तर चार दिवसांत त्याचं नाव पुसलं जाणार आणि तिथं उतरणारा माणूस पुढच्या स्टेशनाला जाऊन उतरणार. म्हणून आधी कोऱ्या कागदाला घड्या घातल्या, मग लाईन अशी वळवली की तिन्ही घड्यांवर एकही नाव येऊ नये. हावेरी वर ढकललं, राणेबेन्नूर खाली ओढलं. नकाशा खरा असून चालत नाही, तो वापरता यायला हवा, असं ते म्हणाले. बोलताना त्यांच्या लक्षात आलं की हे ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, आणि ऐकणारीला ते कळत होतं.

संहितानं रुमाल हातात घेतला, भिंतीकडे पाहिलं, तीन ठिकाणी बोटानं हवेत आडव्या रेषा ओढल्या. मग ती उठून उभी राहिली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. प्रणीतला एवढं मराठी येत नव्हतं, पण तेवढ्यावरून त्याला जे कळायचं ते कळलं. त्यानं सरबताचे पेले उचलले आणि आत जेवण सांगितलं.

नंतरचे दोन तास संहिता प्रश्न विचारत राहिली. तीन शायांमध्ये एवढे रंग कसे बसवले? निळी, लाल आणि पिवळी, प्रत्येकीचा छपाईचा पत्रा वेगळा आणि प्रत्येक पत्र्यावर चित्र वेगळं. वाघाची पाठ म्हणजे पिवळ्यावर लाल ठिपके, हजारएक, लेखणीनं एकेक टाकलेले. काळी शाई परवडत नव्हती म्हणून नावंही निळ्यातच. तिपटूरचा नारळ वाघापेक्षा मोठा का? कारण तिपटूर मामाचं. शेवटी, त्या रात्री ही दोघं इथंच जेवत होती हे अक्कांकडून कळल्यावर, ती जरा घुटमळली आणि आईच्या तेव्हाच्या बोलण्याबद्दल माफी मागायला लागली.

"तुझी आई बरोबरच बोलली," गुंडोराव म्हणाले. "मी गोकाक पाहिलेलं नाही."

"मग बघू या की," संहिता म्हणाली. "पुढच्या आठवड्यात मी घरीच निघालोय. श्रावण आहे, नदीला पाणी भरपूर असतंय."

गुंडोरावांनी गुडघ्यांचं कारण काढलं, मग रिझर्वेशनचं, मग हर्ष घरी एकटा राहील याचं. हर्ष चव्वेचाळीस वर्षांचा होता. अक्कांनी एकच विचारलं, वरचा बर्थ कोण घेणार. संहिता म्हणाली मी घेतो. झालं.

गोकाकजवळच्या घटप्रभेला ती तिघं सकाळी उतरली तेव्हा स्टेशनाबाहेर एक ठेंगणी, ठसठशीत बाई डब्याची पिशवी घेऊन उभी होती. ती संहिताची आई, अनुसूया. निपाणीहून पहाटेची गाडी करून आली होती. लेकीनं तिला सगळं सांगितलं होतं, आणि गुंडोरावांना बघताच तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग डब्यातली ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा तिथंच बाकावर बसून त्यांना खायला घातला. जीपमध्ये बसेपर्यंत अक्का आणि अनुसूया मायलेकींसारख्या बोलायला लागल्या होत्या. आजी म्हणायचं नाही, अक्का म्हणायचं, एवढी ताकीद तेवढी अक्कांनी दिली.

धबधब्यापर्यंतचा रस्ता सपाट होता. गुंडोराव काचेतून डोंगर शोधत होते. आता येईल, मग येईल, असं वाटत होतं, आणि उसाचं रान संपून मक्याचं लागत होतं. जीप थांबली तरी डोंगर नाही. फक्त एक आवाज, जमिनीतून येणारा, पायांना आधी कळणारा. ती चौघं दगडांवरून जपून चालत कठड्यापर्यंत गेली, आणि पुढं जमीनच नव्हती.

नदी त्यांच्या पायांच्या पातळीवरून येत होती. रुंद, निवांत, तांबडी. चहा फार उकळला की होतो तसला रंग. कडेपर्यंत आली आणि तशीच्या तशी, अख्खी, खाली गेली. वर काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं खाली होतं, पार खोलवर, आणि तिथून धुरासारखे तुषार उठून त्यांच्या चष्म्यावर बसत होते.

गुंडोरावांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि वाकून खाली पाहिलं. अक्कांनी काळजीनं त्यांच्याकडे पाहिलं, तर ते हसत होते. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलवून, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके. सत्तावन्न वर्षं ज्याची धास्ती घेतली ते गाव समोर होतं आणि त्यांच्या चित्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. थोडंफार चुकलं असतं तर मनाला लागलं असतं. इतकं सपशेल चुकल्यावर लागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"पाणी निळं तरी असेल असं वाटलं होतं," ते म्हणाले.

"उन्हाळ्यात असतंय जरा," अनुसूयाबाई त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. "तेव्हा पाणीच नसतं म्हणा."

ते दगडावर बसले, वही काढली आणि काढायला लागले. कागद भिजत होता, पेन्सिल ओल्या कागदात रुतत होती. चार पानं वाया गेली. पाचव्या पानावर नदीची कड नीट जमली. संहिता त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. अक्कांनी तेवढ्यात दोन कणसं खाल्ली आणि हर्षसाठी गोकाकचा करदंट घेतला, गूळ आणि डिंकाचा, दाताला चिकटणारा. मग तिथल्या तिथं त्यातला अर्धा संपवला.

दोन दिवस निपाणीत पाहुणचार झाला. परतीची गाडी सकाळी बंगळुरात मॅजेस्टिकच्या स्टेशनाला आली. जयनगरला घरी जायला त्यांनी खालची मेट्रो पकडली. गुंडोरावांना बसायला जागा मिळाली आणि समोर, दाराच्या वर, मेट्रोचा नकाशा आला. एक सरळ हिरवी रेघ, त्यावर सारख्या अंतरावर ठिपके. ते तो नकाशा लालबाग येईपर्यंत बघत राहिले. मग अक्कांना म्हणाले की हे काम चोख आहे, चूक काढायला जागा नाही, पण हे बघून एखाद्या स्टेशनाला उतरावंसं कुणाला वाटेल का. सुतळीला गाठी मारल्यासारखं दिसतंय. अक्का पेंगत होत्या. त्यांनी हुंकार दिला.

त्याच आठवड्यात गुंडोराव वही घेऊन 'मीटर गेज'मध्ये गेले आणि त्यांनी प्रणीतला सांगितलं की डोंगर खोडायचा. त्यांनी गोकाक नव्यानं काढून आणलं होतं, तांबड्या पाण्याचं, नदीच्या सपाट कडेचं. संहिता तिथंच होती. तिला ते चित्र इतकं आवडलं की ती लगेच तयार झाली. एका दिवसाचं काम आहे, भिंतीचा तेवढा भाग काढून नवा लावतो, असं तिचं म्हणणं. प्रणीत मात्र रडकुंडीला आला. गिऱ्हाइकं फोटो काढून घेतात ती त्या डोंगराखाली, त्यानं सांगितलं. लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून बर्फाला हात लावतात. गुंडोरावांनी आवाज चढवला. चूक ती चूक, आता बघून आलोय, आता ती ठेवणं म्हणजे जाणूनबुजून खोटं सांगणं.

बरोबर आलेल्या अक्का बाजूच्या टेबलाशी कॉफी पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला.

"ते चित्र एका वीस वर्षांच्या मुलानं काढलंय," त्या म्हणाल्या. "त्याला कुणी गोकाकला नेलं नाही, कार्ड दिलं नाही, नावसुद्धा छापलं नाही. तरी त्यानं जीव ओतून डोंगर काढला. तुम्ही आता सत्त्याहत्तर वर्षांचे. त्याच्या चित्रात हात घालायचा तुम्हाला काय अधिकार?"

गुंडोराव डोंगराखाली जाऊन उभे राहिले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. बर्फाच्या कडेला बारीक निळे ठिपके होते, सावली दाखवायला. ते टाकायला त्या मुलाला दोन दिवस लागले होते, हे त्यांना एकदम आठवलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं ते बघून नुसतं 'हं' म्हटलं होतं आणि तो मुलगा घरापर्यंत उड्या मारत गेला होता.

"राहू दे," ते म्हणाले.

पण अक्कांचं झालं नव्हतं. मुलाचं नाव तरी लिहा, त्या म्हणाल्या. संहितानं रंग आणि बारीक ब्रश आणला, प्रणीतनं स्टूल धरलं, आणि मोराच्या पायाशी गुंडोरावांनी छापखान्यातल्या त्या जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं: गुंडो, १९६८. 'डो'चा काना किंचित वाकडा झाला. तो त्यांनी तसाच ठेवला.

नव्या गोकाकच्या चित्राचं काय करायचं, हा प्रश्न उरला. प्रणीतनं ते चौकटीत घालून गल्ल्यामागे लावलं. मग, अगदी सहज बोलल्यासारखं, त्यानं सांगितलं की वर जाणाऱ्या जिन्याची भिंत कोरी आहे. तिथं आणखी एखादी जुनी लाईन काढता येईल का? कोकणात जाणारी, किंवा उटीची छोटी गाडी?

गुंडोराव म्हणाले जुनी नको. मेट्रोची हिरवी लाईन काढतो. पण एक अट आहे. प्रत्येक स्टेशनाला आधी उतरणार, बाहेर पडून बघणार, मगच काढणार. वेळ लागेल.

पुढचा दीड महिना दोघं नवराबायको सकाळी साडेदहाला, ऑफिसची गर्दी ओसरली की, निघायची. एका दिवशी एक स्टेशन. चिक्कपेठेला अक्का साड्यांच्या दुकानात शिरल्या आणि बाहेर काढायला दीड तास लागला, म्हणून तिथं साडीची घडी आली. मार्केटला शेवंतीचे ढीग. लालबागेत गुंडोरावांनी काचघराच्या कमानी बोट दाखवून मोजल्या आणि १९६८ सालच्या चित्रात एक कमी पडली होती असं त्यांना आढळलं. हे त्यांनी अक्कांना सांगितलं नाही. मेट्रोच्या सुरक्षारक्षकांना दोघांची ओळख झाली. कुठं निघालात अज्जा, असं एकानं कन्नडमध्ये विचारलं, तर गुंडोराव म्हणाले, कामावर.

रविवारी संहिता घरी येऊन चित्रं तपासायची आणि संगणकावर जुळवून दाखवायची. पहिल्यांदा तिनं सगळी स्टेशनं सारख्या अंतरावर मांडली, तेव्हा गुंडोरावांनी तिला जिन्याच्या पायऱ्या मोजायला पाठवलं. माणूस जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत नाही, वळणावर थांबतो. मोठी चित्रं तिथं हवीत. ती गेली, मोजून आली आणि सगळं नव्यानं मांडलं. तिला राग आला नाही. उलट पुढच्या रविवारी ती एका मैत्रिणीलाही ऐकायला घेऊन आली.

सगळी स्टेशनं झाली, एक राहिलं. जयनगर. न पाहिलेल्या गावांची चित्रं त्यांनी पूर्वी न अडखळता काढली होती, आणि जिथं सगळं आयुष्य गेलं तिथलं काय काढावं ते ठरेना. झाडांच्या रांगा काढून बघितल्या, बाजाराची इमारत काढून बघितली, इडलीची ताटली काढून बघितली. काहीच पटेना. अक्कांनी सुचवलेली सात चित्रं त्यांनी नापसंत केली आणि आठव्या वेळी अक्कांनी सुचवणंच बंद केलं. मग एके दिवशी त्यांनी वही मिटली, झालं म्हणाले, आणि काय झालं ते कुणालाच दाखवलं नाही. संहितालाही बजावलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिना खुला झाला. हर्ष आला, निपाणीहून अनुसूयाबाई डबा घेऊन आल्या, प्रणीतनं सगळ्यांना मोफत कॉफी पाजली. अक्का कठड्याला धरून एकेक पायरी चढत, प्रत्येक चित्राशी आपण काय सुचवलं होतं ते अनुसूयाबाईंना सांगत वर निघाल्या. वळणावर, सगळ्यात मोठ्या जागेत, जयनगर होतं. भाजीच्या गाडीसमोर एक बाई पाठमोरी उभी होती. हातात कापडी पिशवी, अंबाड्यात अबोली, मान कलती करून टोमॅटो निवडत होती. गाडीवाला हात जोडून पुरे म्हणत होता आणि ती ऐकत नव्हती.

अक्कांनी ओळखायला क्षणाचाही वेळ लावला नाही. त्या चष्मा सारखा करून जवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या. खाली सगळे वर बघत उभे होते.

"माझी पाठ एवढी रुंद आहे?" त्यांनी विचारलं.

"बघून काढलीय," गुंडोराव म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, मग पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि संहिताला हाक मारली. फोन आण, त्या म्हणाल्या, इथं उभी राहते, आधी माझा एकटीचा फोटो काढ, मग ह्यांना घे.